‘नुसतं खेळवतात’ म्हणजे नेमकं काय करतात?

प्रश्न थोडक्यात असा. साडेचार वर्षांची मुलगी, जन्मापासून डाव्या बाजूचा हेमिप्लेजिया, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे शरीराची ती बाजू कमी चालते. चालते, पळतेही, पण डावी मूठ बहुतेक वेळ मिटलेली आणि सगळी कामं उजव्या हाताने. तीन वर्षांपासून आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास फिजिओथेरपी चालू आहे. आता एका केंद्राने तीन आठवड्यांचं, रोज सहा तासांचं शिबिर सुचवलंय. आई बघायला गेली, तर मुलं दीड तास माती खेळत होती. सासूबाईंचं म्हणणं, खेळायला एवढे पैसे कशाला, अंगणात खेळेल की. आई विचारते, याला थेरपी म्हणायचं का? आणि पदरचे पैसे घालून, नवऱ्याची रजा मोडून जावं का?

ताई, मी बावीस वर्षं लहान मुलांची ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून द्यायची थेरपी, करते आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की माती खेळणं ही फार उत्तम थेरपी असू शकते आणि अजिबात नसूही शकते. काचेतून बघणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून आधी आतून ती कशी दिसते ते सांगते, मग जावं की नाही त्याकडे येते.

एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच-सहा मुलांसाठी किल्ल्याचं शिबिर घेतलं. त्यात तुमच्या लेकीसारखाच, डावा हात कमी चालणारा पाच वर्षांचा मुलगा होता. लाल मातीचा ढीग, विटा, जुनं पोतं, बादली, एवढंच सामान. माती चाळायची चाळणी मुद्दाम मोठी आणली होती, एका हातात न पेलणारी. सुरुवातीलाच त्याला विचारलं, ‘तुझा डावा हात काय करणार?’ तो म्हणाला, ‘धरणार.’ बस. त्यानंतर चाळण संपेपर्यंत कुणीही ‘डावा हात, डावा हात’ असं म्हणायचं नाही, हा आमचा नियम. चाळणी एका हाताने धरली की माती तिरकी सांडते, म्हणजे आठवण करून द्यायचं काम चाळणीच करते.

पहिल्या दिवशी डावा हात चाळणीच्या काठावर नुसता टेकलेला होता. आम्ही चाळणी थोडी जड केली, तेव्हा बोटांना काठ पकडावा लागला. दुसऱ्या दिवशी पोतं भिजवून पिळायचं होतं, एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला दुसरा मुलगा. पिळताना मनगट फिरतं आणि मूठ घट्ट करावी लागते. तिसऱ्या दिवशी कामांची अदलाबदल झाली. उजव्या हातात विटेला लिंपायचा चिखल, म्हणून मावळे ठेवायचे डाव्या हाताने. मावळा ठेवायचा म्हणजे मूठ उघडायला हवी, आणि या मुलांना पकडण्यापेक्षा सोडणं जास्त अवघड जातं. म्हणून पहिले मावळे मोठे होते आणि जागा जवळची, पोटापाशी. मग बुरूज एकेक वीट उंच होत गेला. जागा उंच झाली की कोपर सरळ करावं लागतं, मनगट वर उचलावं लागतं आणि तशा अवस्थेत बोटं उघडावी लागतात. शेवटी उतारावर अळीव पेरायचे, चिमटीने, कागदाच्या पुडीतून.

मी एकदा बाजूला बसून मोजलं. अर्ध्या तासात त्याने डाव्या हाताने साठाहून जास्त वेळा काहीतरी पकडलं आणि सोडलं. टेबलापाशी बसवून ‘मणी उचल, मणी ठेव’ केलं असतं, तर पंधराव्या मण्याला तो रडला असता, आणि तो रडला असता तर बरोबरच केलं असतं. किल्ला बांधताना त्याला घरी न्यायला आलेल्या वडिलांनाच थांबावं लागलं, कारण दरवाजाची कमान राहिली होती.

म्हणजे खेळ हे औषधाच्या गोळीभोवतीचं साखरेचं आवरण नव्हे. मेंदूला हालचाल शिकायची तर शेकडो, हजारो वेळा ती करावी लागते. ती मुलाने स्वतः सुरू करावी लागते, स्वतः चुकून स्वतः सुधारावी लागते. एवढ्या वेळा कुठलंही मूल कुणाच्या सांगण्यावरून ती करणार नाही. खेळासाठी मात्र करतं. पण कोणती वस्तू किती मोठी, कुठे, किती उंचावर, कोणत्या हाताकडे, हे मांडणाऱ्याने आधी ठरवलेलं असतं आणि दर थोड्या वेळाने तो ते बदलत असतो. आमच्या शिकाऊ मुलींना मी एवढंच सांगते, मुलाला सांगायचं नाही, मुलासमोर मांडायचं.

अंगणातला खेळ इथेच वेगळा होतो. अंगणात तुमची लेक आनंदात खेळेल, पण उजव्या हाताने. तिने काही चुकीचं केलं असं नाही. डावा हात पुढे केला, वस्तू पडली, उजव्याने पटकन झालं, हे हजारदा घडलं की मेंदू डाव्या हाताचा विचारच सोडून देतो. एडवर्ड टॉब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने माकडांवरच्या प्रयोगांत हे दाखवलं होतं. एका हाताची संवेदना गेलेलं माकड तो हात वापरणं बंद करतं, पण चांगला हात काही दिवस बांधून ठेवला की ‘निकामी’ हात पुन्हा कामाला लागतो. हात नुसता अधू झालेला नव्हता, न वापरण्याची सवय शिकला होता. (त्या माकडांच्या देखभालीवरून १९८१ मध्ये अमेरिकेत मोठा खटला झाला. त्या प्राण्यांनी जे सोसलं त्याची मला आजही खंत वाटते, आणि त्यावर उभं राहिलेलं ज्ञान मी रोज वापरते, हेही खरं.) मोठ्या माणसांत ही सवय लकवा झाल्यानंतर लागते. आपल्या मुलांचं त्याहून अवघड, कारण त्यांच्या मेंदूने तो हात कधी नीट वापरलेलाच नसतो.

यातून चांगला हात बांधून करायची थेरपी आली. अलाबामातल्या बर्मिंगहॅम इथे २००४ च्या सुमारास १८ लहान मुलांवर झालेला अभ्यास आमच्या क्षेत्रात फार गाजला. चांगल्या हाताला प्लास्टर, रोज ६ तास, सलग २१ दिवस, आणि सगळं खेळातून. हात खरंच सुधारले. पण आयुष्यात बरीचशी कामं दोन्ही हातांची असतात, आणि एक हात बांधून दोन हातांचं काम शिकता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात अँड्र्यू गॉर्डन आणि जीन चार्ल्स यांनी म्हणून दुसरी वाट काढली. हात बांधायचा नाही, पण प्रत्येक खेळ असा निवडायचा की दोन्ही हातांशिवाय तो होणारच नाही. दिवसाला ६ तास, १० ते १५ दिवस, म्हणजे एकूण ६० ते ९० तास. पुढे २०११ मध्ये ४२ मुलांवर दोन्ही पद्धती सारखे तास देऊन ताडून पाहिल्या, तर हाताची सुधारणा जवळपास सारखीच निघाली. दोन हातांची जी कामं घरच्यांनी ठरवली होती, त्यांत मात्र दुसरी पद्धत सरस ठरली. लंडनमध्ये तर मुलांना जादूचे प्रयोग शिकवून हीच थेरपी देतात, कारण रुमाल गायब करायला दोन हात लागतातच. ब्रसेल्समध्ये यानिक ब्लेनहफ्ट यांच्या गटाने त्यात पायांचं आणि तोल सांभाळायचं काम जोडलं, आणि अलीकडे १ ते ४ वर्षांच्या मुलांनाही दोन आठवड्यांत ५० तास देऊन फायदा दाखवला. तेव्हा तुमची लेक लहान आहे म्हणून थांबायचं कारण नाही.

प्लास्टरबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही, पण केंद्र सुचवू शकतं म्हणून सांगते. साडेचार वर्षांच्या चालत्या मुलीला दिवस-रात्र प्लास्टर घालायला मी सहसा तयार नसते. पडली तर सावरायला तोच हात पुढे येतो. हवंच असेल तर मऊ मोजा किंवा हातमोजा, जमिनीवर बसून करायच्या खेळापुरता, तास-दोन तास, आणि तिला तो खेळाचा भाग वाटला तरच. तान्ह्या मुलांसाठी स्वीडनमध्ये तर रोज फक्त अर्धा तास, आठवड्यातले ६ दिवस, ६ आठवडे, मग तेवढीच विश्रांती आणि पुन्हा ६ आठवडे असा बेत आखलेला आहे, आणि आई-वडीलच तो करतात.

आता पैशांचा प्रश्न. इथे मी सगळ्यात जास्त जोर देऊन सांगते, ताई, की काम तास करतात, इमारत करत नाही. ठरवलेली दोन-तीन कामं सुधारायला साधारण १४ ते २५ तासांचा सराव लागतो आणि हाताचा एकूण वापर बदलायला ३० ते ४० तासांहून जास्त, असा अभ्यासांचा आजवरचा अंदाज आहे. तुमच्या सध्याच्या फिजिओथेरपीचा आठवड्याला एक तास होतो. त्यातला किती वेळ ती स्वतः हात हलवते आणि किती वेळ कुणीतरी तिचा हात ताणतं, ते एकदा घड्याळ लावून बघा. दुसऱ्याने हलवलेला हात या हिशेबात धरायचा नाही. मालिशीने आणि ताणण्याने तिला बरं वाटत असेल तर जरूर करा, पण त्यातून मेंदू नवीन काही शिकत नाही.

हे तास घरीही होतात. कोलंबियाच्याच गटाने २०१७ मध्ये दाखवलं, की पालकांनी घरी रोज २ तास, आठवड्यातून ५ दिवस, ९ आठवडे दोन हातांचे खेळ घेतले, थेरपिस्टने दर आठवड्याला मार्गदर्शन केलं, तर हाताची चपळाई वाढते आणि घरच्यांनी ठरवलेली कामं सुधारतात. हिशेब करा, ९० तासच झाले. शिबिराचा एक खरा फायदा मी नाकारणार नाही. तिथे तिच्यासारखा हात असलेली दुसरी मुलं असतात. आपल्यासारखंच आणखी कुणी आहे, हे ती मुलं पहिल्यांदा बघतात तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. पण त्यासाठी कर्ज काढू नका, आणि गेला नाहीत तर लेकीचं काही हुकलं अशी रुखरुख लावून घेऊ नका.

जायचं ठरवलंत तर केंद्राला काही गोष्टी विचारा. माझ्या मुलीची ध्येयं कोणती, ती कुणी ठरवली? सहा तासांत एका मुलामागे किती माणसं? आज ती जो खेळ खेळली, तो उद्या कसा अवघड करणार? शिबिर संपल्यावर घरी काय करायचं ते मला शिकवणार का? ‘सगळं सुधारेल’ हे ध्येय नव्हे. ‘डब्याचं झाकण स्वतः उघडेल’ हे ध्येय. दुसऱ्या प्रश्नाला ‘दहा मुलांमागे दोघी’ असं उत्तर आलं तर तो पाळणाघराचा हिशेब झाला. तिथे ती सुखात राहील, पण तेवढ्यासाठी तुमचे पैसे नकोत. आणि कुणी प्राणवायूच्या बंद खोलीत बसवायचं किंवा स्टेम सेलचं पॅकेज जोडीला देऊ केलं, तर तिथून उठून या. प्राणवायूचा प्रयोग कॅनडात १११ मुलांवर झाला. खरा प्राणवायू आणि नुसती थोड्या दाबाची हवा, दोन्ही गटांत फरक निघाला नाही. सीपीसाठी (सेरेब्रल पाल्सी, तुमच्या लेकीचा हेमिप्लेजिया हा त्यातलाच प्रकार) स्टेम सेल म्हणजे मूलपेशी देणं हा आपल्याकडे मान्य उपचार नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तो फक्त चाचणी म्हणूनच करता येतो, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात.

ध्येयाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण चुकतं ते इथेच. सात वर्षांची एक मुलगी माझ्याकडे यायची. आई-बाबांना हवं होतं की अक्षर सुधारावं, कागद डाव्या हाताने नीट धरावा. तिला विचारलं तर ती म्हणाली, ‘मला ताईसारखी फुगडी घालायचीय.’ मंगळागौरीला सगळ्या बहिणी फुगड्या घालायच्या आणि ही गाणी म्हणायला बसायची. आम्ही फुगडी घेतली. फुगडी म्हणजे काय, तर हातांची फुली करून पकडायचं, मागे झुकायचं, आणि पाय फिरत असताना पकड सुटू द्यायची नाही. डाव्या पकडीसाठी याहून कठीण परीक्षा मला सुचली नसती. सुरुवात बसून झाली, दोरीची रस्सीखेच. मग ओला पंचा दोघींनी पिळणं. मग बसफुगडी. मग उभं राहून, खाली गादी घालून, समोर मी, आणि मनगटं मी धरलेली, कारण तिची पकड सुटली तर ती डोक्यावर पडली असती. चार आठवड्यांनी मी मनगटं सोडून नुसते पंजे धरले. श्रावणात मावशीकडे तिने तीन गिरक्यांची फुगडी घातली. मनगट तेव्हाही वाकलेलंच होतं, आजही आहे. पण वहीचा कागद ती धरायला लागली, आणि त्यासाठी आम्ही वेगळं काहीच केलं नव्हतं.

या थेरपीकडून काय मिळणार नाही, हेही या मुलीवरून समजून घ्या. डावा हात उजव्यासारखा होत नाही. ताठरपणा जात नाही, त्यासाठी स्प्लिंट (हात नीट स्थितीत ठेवणारा आधार), कधी बोटॉक्स (स्नायू सैल करायचं इंजेक्शन), ज्याच्या त्याच्या वेळी लागतंच. मिळतं ते हे, की डावा हात चांगला मदतनीस होतो. न सांगता पुढे येतो. शिबिरानंतर काही महिन्यांत थोडं घसरतंही, म्हणून एकदाच मोठं शिबिर करून विसरून जाण्यापेक्षा वर्षातून एक-दोनदा जोर लावायचा आणि मधल्या काळात रोजच्या कामांत हात गुंतवून ठेवायचा.

तुमच्या घरी उद्यापासून काय करता येईल, ते सांगते. उघडी वाटी देण्याऐवजी खाऊ झाकणाच्या बरणीत द्या. मटार, भुईमुगाच्या शेंगा, केळं, संत्रं तिच्यासमोर न सोललेलं ठेवा. पोळी करताना कणकेचा गोळा तिला द्या आणि पोळपाट थोडा हलता ठेवा, म्हणजे दुसऱ्या हाताने धरावा लागेल. भातुकलीत तिखटा-मिठाचे फिरकीच्या झाकणाचे डबे ठेवा. चेंडू मोठा घ्या, छोटा चेंडू एका हाताने झेलता येतो. आंघोळीनंतर पंचाची दोन टोकं धरून पाठ पुसायला शिकवा. संक्रांत जवळ असेल तर तिळाचे लाडू वळायला बसवा, गरम नको, कोमट झाल्यावर. काम सुरू करण्याआधी विचारा, ‘डावा हात काय करणार?’ आणि मग गप्प बसा. गप्प बसणं हा यातला सगळ्यात अवघड भाग आहे, मला शिकायला कित्येक वर्षं लागली. दहापैकी सहा-सात वेळा जमेल इतपत अवघड ठेवा. दहाच्या दहा वेळा जमायला लागलं, की झाकण जरा घट्ट लावा. चार वेळाच जमत असेल तर वस्तू मोठी करा किंवा जवळ आणा.

सलग दोन तास ती बसणार नाही. सकाळी अर्धा, संध्याकाळी एक, जेवणा-आंघोळीत उरलेला, असं चालतं. एकूण तास सारखे असतील तर सलग आणि विखुरलेले यांत मोठा फरक पडत नाही. आजीला यात घ्या. अंगणात खेळेल म्हणणाऱ्या सासूबाईंकडे सागरगोटे, जात्यावरची गाणी आणि शेंगा सोलायला लागणारी चिकाटी, तिन्ही असणार. त्या खेळायला बसल्या तर माझ्यापेक्षा जास्त तास करून घेतील.

फिट येत असतील किंवा कधी आल्या असतील, तर कुठल्याही शिबिराआधी न्यूरॉलॉजिस्टशी बोला. हेमिप्लेजियाच्या मुलांना त्या बऱ्याचदा असतात, आणि दमणूक, बिघडलेली झोप याने वाढतात. शिबिरासाठी परगावी राहायचं असेल तर दुपारची झोप सोडवू नका, एक खेळ कमी झाला तरी चालेल.

खर्चासाठी आधी नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेचं कार्ड काढलंत का ते बघा. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य संरक्षण सीपीच्या मुलांना मिळतं, त्यात थेरपीसाठीही ठरावीक रक्कम असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर बालकांची लवकर तपासणी आणि उपचार करणारी केंद्रं काढली आहेत, तिथे थेरपी मोफत असते. तिथल्या थेरपिस्टला शिबिर घेणं जमलं नाही, तरी दर आठवड्याला पंधरा मिनिटं तुमच्या घरच्या खेळांचा आढावा घ्या असं सांगता येईल, आणि बहुतेक जण आनंदाने घेतात.

केंद्रात जा किंवा घरी करा, सुरू करण्याआधी एक काम मात्र आजच करा. तीन गोष्टींचा मोबाइलवर व्हिडिओ काढा: डबा उघडणं, चड्डी वर ओढणं, आणि तिचा आवडता कुठलाही खेळ. कॅमेरा समोरून, दोन्ही हात दिसतील असा, टेबल आणि खुर्ची लक्षात ठेवा, म्हणजे सहा आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा काढता येईल. डबा उघडताना मदत करू नका आणि हाताकडे बोट दाखवू नका. दोन मिनिटं लागली तरी लागू द्या, ती थांबेपर्यंत कॅमेरा चालू ठेवा.